पुरचुंडी

१९७९ साली कास्कावेलमधल्या एका म्हाताऱ्याने आपल्या नातीशी आठ दिवस अबोला धरला होता. कारण शेळ्यांचं. मॉरिशसच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचं लहानसं बेट आहे. तिथे रानटी झालेल्या शेळ्यांपैकी उरल्यासुरल्या त्या वर्षी मारल्या गेल्या. रेडिओवर हे ऐकून सोळा वर्षांची नात जेवता जेवता म्हणाली, "बरं झालं."

म्हाताऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. त्याच्या परड्यात पाच शेळ्या होत्या, पाचींना नावं होती. सणासुदीला त्यातली एखादी कापायची ठरली की तो सकाळीच घराबाहेर पडे आणि दिवेलागणीला परते.

"कशापायी मारल्या?"

"सापांसाठी, आजा."

त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

या गोष्टीतली माणसं मी मनाने उभी केली आहेत. बेट, साप, शेळ्या आणि वर्षं खरी आहेत. कास्कावेलही खरं आहे. मॉरिशसच्या पश्चिमेकडचं ते मराठी वस्तीचं गाव. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून जी माणसं गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या करारावर, नेली, त्यांत कोकणातलीही होती. त्यांची पतवंडं आज घरात क्रेओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गणपती आणतात, झाकरी नाचतात. आज्याच्या तोंडी मात्र जुनी बोली टिकून होती. नातीला तो 'बाय' म्हणे. नात त्याला लहानपणापासून अरेतुरे करी, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

बायला सरपटणाऱ्या जिवांची ओढ कुठून लागली हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. तिकडे दिवसा वावरणाऱ्या पाली असतात, हिरव्यागार, अंगावर लाल-निळे ठिपके. त्यांना गोडाची चटक असते. पाच-सहा वर्षांची असताना बाय खिडकीच्या चौकटीवर बोटाने साखरपाण्याचा थेंब ठेवून श्वास रोखून बसे. पाल यायची, मान तिरकी करून बघायची आणि जिभेने तो थेंब टिपून घ्यायची. सारा गाव साखरेसाठी राबत होता आणि ही पोर साखर पालींना घालते म्हणून तिने आईचा मार खाल्ला होता. पालीवरून ती सरड्यांकडे गेली, सरड्यावरून सापाकडे, आणि शाळेतल्या एका पुस्तकातून राउंड आयलंडकडे.

ज्वालामुखीच्या राखेतून उभं राहिलेलं हे बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. बंदर नाही, पुळण नाही, चहूबाजूंनी लाट आपटत असते. बोट खडकाला भिडवायची, लाटेने ती वर उचलली की त्या क्षणी उडी टाकायची. उतरायची दुसरी रीत नाही. याच आडमुठेपणामुळे तिथे उंदीर कधी पोचला नाही. मॉरिशसच्या मुख्य बेटावर गलबतांतून उंदीर आले, मांजरं आली, डुकरं आली. सतरावं शतक सरेपर्यंत डोडो संपला, मग राक्षसी कासवं संपली, पाठोपाठ कितीतरी पाली, सापसुरळ्या आणि साप मुख्य बेटावरून गेले. राउंड आयलंडवर ते जगून राहिले. टेल्फेअरची सापसुरळी, गुंथरची पाल, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेले दोन साप.

मग एकोणिसाव्या शतकात माणसांनी तिथे शेळ्या आणि ससे सोडले. त्या मुक्या जनावरांना मी दोष देत नाही. पण ताडामाडाच्या जातीच्या झाडांचं कोवळं रोप जमिनीबाहेर आलं की त्यांच्या पोटात जाऊ लागलं. जुनी झाडं वादळात कोसळायची आणि त्यांच्या जागी नवं झाड उभं राहायचं नाही. मुळं गेली तशी माती सुटी झाली. दर पावसात थोडी थोडी माती समुद्रात जाऊ लागली आणि खालचा खडक उघडा पडला. त्या दोन सापांतला एक मातीत घुसून राहणारा होता, असं जाणकार मानतात. १९७५ साली तो एकदा दिसला, त्यानंतर कोणालाही दिसला नाही. बाय तेव्हा बारा वर्षांची होती.

उरला एक. अंगावरच्या खवल्यांना मधोमध कणा असलेला, हात फिरवला तर खरखरीत लागणारा. त्याला राउंड आयलंड बोआ म्हणतात, पण बोआंहून त्याचं कूळ वेगळं. आपल्याकडचं मांडूळ बोआंच्या गोतावळ्यातलं, ते पिलांना जन्म देतं. हा अंडी घालतो. मांडुळाचं नाव आलं म्हणून सांगतो, त्यालाही आपल्याकडे माणसं पेटीत कोंडून ठेवतात, पण ते गुप्तधनाच्या खुळापायी, काट्यावर तोलून विकायला. पेटी दिसायला सारखीच असते. कोणत्या मनाने झाकण लावलं, त्यावर आतल्या जिवाचं पुढचं सगळं ठरतं.

नवव्या दिवशी आज्याची चांदी नावाची शेळी दावं तोडून शेजारणीच्या वाफ्यात शिरली. ब्रेद म्हणतात तिकडे पालेभाजीला. शेजारीण ती बाजारात नेऊन विकायची. बोटभर उंचीची कोवळी रोपं होती, चांदीने तासाभरात वाफे मातीला लावले. शेजारीण दारात येऊन रडली. आजा उठला, डब्यातले पैसे काढून तिच्या हातात ठेवले, चांदीला दोन दावी लावून बांधलं आणि ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली.

"बाय, त्या बेटावर दावं बांधायला कोण होतं गो?"

"कोणीच नव्हतं, आजा."

"हं." त्याने हातातल्या तुटलेल्या दोरीचे पीळ उलगडून पाहिले. "मग त्यांना तिथं नेऊन सोडणाऱ्यालाच पाप लागायचं."

शेळ्यांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. पुढची आठ-दहा वर्षं चांदीचे वंशज मात्र त्या परड्यात दुहेरी दाव्यानेच बांधले जात होते.

१९८५ मध्ये बायला जर्सीला जायची संधी मिळाली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातलं हे बेट. जेराल्ड डरेल यांनी १९५९ साली तिथे प्राणिसंग्रहालय उघडलं. तिकीट काढून आलेल्यांना प्राणी दाखवावेत एवढ्यासाठी ते नव्हतं. जे जीव पृथ्वीवरून पुसले जायच्या बेतात आहेत त्यांची वीण तिथे वाढवायची आणि त्यांची घरं सावरली की त्यांना परत न्यायचं, असा त्यांचा ध्यास. त्या संस्थेच्या चिन्हावर डोडो होता. डरेल १९७६ आणि ७७ साली मॉरिशसला येऊन राउंड आयलंडवर उतरले होते. तिथल्या सापसुरळ्या आणि पाली जर्सीला गेल्या, मोजके बोआही गेले. जगभरातली तरुण माणसं तिथे हे काम शिकायला येत. बाय त्यांतली एक झाली.

निघायच्या आदल्या रात्री आजा तिच्या ट्रंकेशेजारी येऊन बसला.

"माझी आजी बोटीत चढली ना, तेव्हा तिच्या पदराला पुरचुंडी होती," तो म्हणाला. "मूठ-दीड मूठ भात. तुला मुडी ठाऊक नाही. पेंढा वळून त्यात बियाणं बांधतात, आढ्याला टांगतात. घरात उपास पडला तरी मुडीला हात लावायचा नाही. त्या मुडीतलं बी तिच्या आयशीने तिला दिलेलं, म्हणाली जिथं जाशील तिथं खाचर असेल, पेर."

"आणि इथं ऊस."

"इथं ऊस. पण आजीने बी जपलं. पावसाळ्याआधी पुरचुंडी सोडायची, ऊन दाखवायची, दाणा दाणा निवडून किडा बघायची, लिंबाचा पाला घालून परत गाठ मारायची. पोरं भुकेने रडली तरी तिने त्यातला कण शिजवला नाही. आजूबाजूच्या बाया बघायला यायच्या, हिच्याकडे मुलखाचं बी आहे म्हणून. तिला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्या आज्याने एकदा तिला सांगितलं, ओहोळाच्या कडेला चार हात जागा पडीक आहे, मुकादमाला विचारून बांध घालतो. ती म्हणाली, औंदा पाऊस बरा नाही, पुढल्या साली. पुढल्या सालीही तेच. मग त्या जागेतही ऊस लागला."

"पेरलंच नाही तिने?"

"पेरलं ना. बाराव्या का तेराव्या वर्षी, घरामागे, हातभर तुकड्यात. एक दाणा उगवला नाही." आज्याने ट्रंकेचं झाकण हळूच लावलं. "साप जपायला ते लोक तुला शिकवतीलच. मला एवढंच सांग, शेत कोण करतंय?"

बायला त्या वेळी त्याचा राग आला. परदेशी निघालेल्या मुलीला कोणी असं काही ऐकवतं का, असं तिला वाटलं. उत्तर न देता ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

जर्सीत बाहेर बोचरी थंडी आणि सापांच्या खोलीत उष्ण कटिबंध. काचेची घरं एका अंगाला तापलेली, दुसऱ्या अंगाला थंड, म्हणजे सापाने आपल्या गरजेनुसार सरकावं. लपायला आडोसा, पाण्याचं भांडं, आणि प्रत्येक घराबाहेर एक कार्ड. कधी खाल्लं, कधी नाकारलं, कात कधी टाकली, वजन किती भरलं. पहिल्या आठवड्यात एका रात्री ती दिवा न लावता खोलीत गेली आणि दचकली. दिवसा काळपट दिसलेली मादी फिकट राखाडी होऊन फांदीवर पसरली होती. हा साप रात्री रंग उजळतो आणि दिवसा पुन्हा गडद होतो, हे तिने वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तिथेच जमिनीवर बसून राहिली.

जोड्या लावताना वंशावळ काढून बसावं लागे. मूळचे साप मोजके, म्हणून भाऊबहीण एकत्र येऊ नयेत याची फार काळजी. आपल्याकडे सोयरीक जमवताना घराणं, मूळगाव, मामेकूळ चौकशीत येतं, तसाच हा प्रकार. बायला त्यात गती होती. कोणती मादी कोणाची लेक आणि कोणता नर कोणाचा पुतण्या, हे ती कार्ड न बघता सांगायची.

पण तिच्या हातून एक चूक घडली, आणि ती आयुष्यभर तिच्या मनातून गेली नाही. एका मादीने अंडी घातली होती. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. कवच चामड्यासारखं, बोटाखाली किंचित दबणारं. ती अंडी ओलसर भुशात, उबेच्या पेटीत ठेवतात, आणि ठेवताना प्रत्येकाच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने बारीक खूण करतात. कारण आतला गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटलं तर तो जीव गुदमरतो. कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा चोचीने फिरवते. साप फिरवत नाही. हे बायला पाठ होतं. पण राहवत नव्हतं. रोज रात्री एखादं अंडं उचलून ती बॅटरीपुढे धरायची, कवचाआड लाल शिरांचं जाळं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. एका रात्री झोप अनावर झाली असताना तिने एक अंडं परत ठेवलं आणि खूण खालच्या अंगाला गेली. ते तिच्या लक्षात आलं चौथ्या दिवशी, ते अंडं पिवळं पडून खचलं तेव्हा.

जगात उरलेल्या मोजक्या सापांतला एक. मारला कोणी? ज्याने त्याला बघायला रात्रीची झोप मोडली, त्यानेच. तिथली वरिष्ठ बाई काही बोलली नाही. तिने कार्डावर तारीख घातली आणि उबेच्या पेटीच्या झाकणाला चिकटपट्टी लावून टाकली.

बाकीची फुटली. पिलं नारिंगी, झळझळीत, शिसपेन्सिलीहून बारीक. पहिली कात टाकून झाल्यावर त्यांना भूक लागायला हवी. बायने चिमट्यात उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू धरून पुढे केलं. सापाच्या पिलाने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही. आठवडा झाला, दोन झाले, पिलांच्या पाठीचा कणा दिसू लागला. त्यांच्यापुढे जे धरलं जात होतं ते अन्न आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या बेटावर उंदीर कधी पोचला नाही, तिथल्या सापाच्या रक्तात उंदराची ओळख कुठून यायची? त्यांच्या रक्तात पाल होती.

बळेच तोंड उघडून भरवता येतं, पण त्याचा धसका घेऊनही पिल्लू मरू शकतं. तेव्हा साप पाळणारे एक युक्ती करतात, ती इथे कामी आली. बायने शेजारच्या खोलीतून एक पाल आणली, अलगद मुठीत धरली आणि उंदराचं ते मेलेलं पिल्लू तिच्या पोटावरून, शेपटीवरून पुन्हा पुन्हा घासलं. पाल परत सोडून दिली. मग चिमटा काचेच्या घरात धरून ती थांबली. हात अवघडला, तरी हलवायचा नाही. लहानपणी खिडकीत साखरपाण्याचा थेंब ठेवून बसायची तशीच ती बसली होती. पिलाची जीभ आली. पुन्हा आली. मान किंचित मागे गेली, आणि पुढच्या क्षणी त्याने धरलं. या कुळाच्या सापांच्या वरच्या जबड्याचं हाड पुढचं-मागचं असं दोन तुकड्यांचं असतं, मध्ये बिजागरीसारखा सांधा. गुळगुळीत, निसटत्या सापसुरळीला कवळून धरायला केलेली ती रचना. जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही कणाधारी प्राण्याजवळ ती नाही. त्या इवल्याशा तोंडात बायने तो सांधा दुमडताना पाहिला.

तिने त्याच रात्री घरी पत्र लिहिलं, आठ पानी. आज्याचं उत्तर दीड महिन्याने आलं, धाकट्या भावाच्या अक्षरात. घरच्या सगळ्या बातम्या लिहून शेवटी एक ओळ: आजा विचारतो, शेताचं काय झालं.

१९८६ साली शेताचं झालं ते असं. न्यूझीलंडचे डॉन मर्टन आणि त्यांचे सोबती राउंड आयलंडवर राहिले आणि त्यांनी तिथला प्रत्येक ससा संपवला. एकही मागे ठेवून चालणार नव्हतं, कारण दोन उरले असते तर पुन्हा हजार झाले असते. हे काम कोणाला आवडण्यासारखं नाही. मला वाटतं, या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात जड काम तेच. अंड्यावर पेन्सिलीने खूण करणाऱ्या हाताचं कौतुक होतं; विषाचं आमिष मांडत खडकांतून फिरणाऱ्याकडे लोक बघायचं टाळतात. बातमी जर्सीत पोचली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायने त्या दिवशी कार्डावर दोन पिलांची वजनं लिहिली आणि टाळ्या संपायच्या आत परत खोलीत गेली. तिचं जग काचेएवढं झालं होतं, आणि त्या काचेत काही कमी आहे असं तिला वाटत नव्हतं.

ती परतली १९९१ मध्ये. काही आठवड्यांनी तिला राउंड आयलंडवर जायला मिळालं. लाटेवर बोट उचलली गेली, तिने उडी टाकली, गुडघा फुटला. वर चढून आली तर उघडा, तापलेला खडक. पुस्तकात पाहिला तोच. घळीत उतरल्यावर मात्र ती थांबली. खडकाच्या भेगेत, वाळक्या पानांखाली, पामची पिल्लं होती. दोन पानांची, चार पानांची. एक-दोन नव्हे, दाटीवाटीने. ती खाली वाकली तोच एक टेल्फेअर सापसुरळी धीटपणे येऊन तिच्या बुटाची नाडी चावून बघू लागली. रात्री विजेरीच्या उजेडात एका झाडाच्या झावळीवर तिला बोआ दिसला. फिकट राखाडी. त्याच्या घराबाहेर कार्ड नव्हतं.

"आपल्याकडचे कधी आणायचे इथे?" तिने सोबतच्या जाणत्या माणसाला विचारलं.

तो जरा घुटमळला. "इथले आपले आपण वाढतायत," तो म्हणाला. "वाढत असतील तर बाहेरून आणण्यात धोका आहे. बंदिवासातला एखादा रोग इथे शिरला तर?"

ती रात्रभर खडकावर बसून होती. सहा वर्षं. उलटं ठेवलेलं ते अंडं. पालीच्या पोटावर घासलेली ती उंदरांची इवली पिल्लं. तिने वाढवलेल्यांपैकी एकही इथे येणार नव्हतं.

घरी आली तेव्हा आजा खाटेवर होता. नजर अधू झाली होती.

"शेत?" त्याने विचारलं.

"रोपं आलीत, आजा."

तो उठून बसायला लागला. तिने त्याच्या पाठीला उशी दिली. "केवढी? वीतभर? गुडघ्याएवढी?"

"काही वीतभर. काही गुडघ्याला लागतात."

"अगो!" तो बराच वेळ नुसता हसत होता. मग तिच्या गप्प बसण्याकडे त्याचं लक्ष गेलं. तिने सगळं सांगितलं. आपल्या सापांची गरज लागली नाही, हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला.

"तुझे तिथं आहेत ना अजून? जपलेले?"

"आहेत."

"मग ज्यांनी ससे मारले ते रात्री निवांत झोपत असतील. चुकलं काही, तरी घरात बी आहे म्हणून." त्याने तिचा हात चाचपडत धरला. "माझ्या आजीचं भात उगवून आलं असतं ना, बाय, तर खाचराच्या बांधावर उभं राहून कोणी विचारलं नसतं, ह्यातलं कुठलं रोप पुरचुंडीतलं आणि कुठलं शेजाऱ्याकडचं. हिरवं दिसलं असतं, बस."

त्या पावसाळ्यातच तो गेला.

पुढची वीस वर्षं बाय शेतातच होती. तण काढणं, रोपं लावणं, रात्री साप मोजणं. काचेपाशी बसायची सवय सुटली नव्हती. फक्त आता ती खडकावर बसे. २००७ पासून त्या बेटावर अल्डाब्राची मोठी कासवं सोडली, संपून गेलेल्या कासवांचं चरण्याचं काम करायला. चरणारं जनावर पुन्हा त्या बेटावर आलं तेव्हा तिला चांदीची आठवण झाली. ही कासवं किती, कुठली, कुठवर जायची, याचा हिशेब ठेवायला माणसं होती. दावं होतं.

मग २०१२. मॉरिशसच्या उत्तर टोकाला काप मालेरेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाचरीच्या आकाराचं एक बेट दिसतं, क्वां द मीर. तिथेही पूर्वी हे साप होते आणि उंदरांपायी संपले होते. तिथले उंदीर आधीच काढून झाले होते. सापसुरळ्या नेऊन सोडल्या होत्या, म्हणजे अन्न होतं. आता राउंड आयलंडवर इतके बोआ झाले होते की त्यातले काही उचलून इकडे आणता येणार होते. एका टोपलीत सगळी अंडी असू नयेत, एवढा साधा विचार. बाय एकोणपन्नास वर्षांची होती. गुडघा दुखत होता, तरी तिने उडी नीट मारली.

साप सुती पिशव्यांतून आणले होते. तोंडाशी पिळून गाठ मारलेली, हातात घेतली की आत हळूच वजन सरकायचं. अंधार पडायची वाट बघत सगळे बसले होते. तिच्या वाट्याला एक तरुण मादी आली होती. सोबत एक नवीन मुलगी होती, विशीतली, पहिल्यांदाच बेटावर आलेली. ती विजेरी घेऊन अगदी जवळ सरकली.

"मावशी, मी सोडू का गाठ?"

बाय पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी ती गाठ धरली होती, जरा जास्तच घट्ट.

"घे," ती म्हणाली.

गाठ आवळून बसली होती. मुलीने दातांनी ओढून ती सैल केली, फडकं मागे मुडपलं आणि पिशवी खडकाच्या भेगेपाशी आडवी ठेवली. काही वेळ काहीच झालं नाही. मुलगी आत डोकावायला वाकली, तसं बायने तिचा खांदा धरून तिला मागे ओढलं.

"बघू नको. येईल."

जीभ आली. मग डोकं आलं, मग तो खरखरीत, उजळत चाललेला राखाडी देह, हातभर, त्याहून लांब. तो झावळ्यांखाली शिरला आणि शेपटीचं टोक दिसेनासं झालं. बायने पिशवी उचलली, उलटी करून झटकली, आतून हात फिरवून पाहिला. मग चार घड्या घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या पिशवीकडे वळली.